कपाटाचं चिलखत

तिला सगळे कपाट म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, खांदे असे की अरुंद जिन्यात समोरून कोणी आलं तर त्यानेच मागे फिरायचं. शाळेत कोणीतरी एकदा म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे गाड्यांच्या सीट बनवायचं बाबांचं दुकान तिच्याकडे आलं, तेव्हा हातोडी, कात्री, शिवणयंत्र आणि गिऱ्हाइकं यांच्याबरोबर ते नावही मुक्कामाला आलं.

"कपाट आहे का दुकानात?" कोणी रस्त्यावरून विचारायचं.

"आहे की! नसतं तर आत उजेड दिसला असता!" समोरच्या दुकानातून उत्तर यायचं.

हा समोरचा म्हणजे दिवेवाला. गाड्यांचे हेडलाइट, इंडिकेटर, जळलेल्या वायरी हा त्याचा धंदा. तो तिला मालकीणबाई म्हणायचा आणि ती त्याला दिवेवाले. दिवसभर रस्त्याच्या आरपार दोघांचं भांडण चालायचं, आणि दोघंही त्याला मैत्री समजत.

घरी ती आणि धाकटी. आई गेली तेव्हा धाकटी इतकी लहान होती की तिच्या वेण्या ताईनेच घातल्या, शाळेचं दप्तरही ताईनेच सीटच्या उरलेल्या रेक्झिनचं शिवलं. आता धाकटी मोबाईलच्या शोरूममध्ये काउंटरला उभी राहायची. नाजूक, गोड बोलणारी, आणि कॅमेरा दिसला की हनुवटी आपोआप वर. दोघी रस्त्याने निघाल्या की लोकांना वाटायचं, एकीने दुसरीला पहाऱ्याला ठेवलंय.

तर या ताईच्या डोक्यात चिलखत कुठून शिरलं? सभागृहातून. मागच्या वर्षी तिथल्या फाटक्या खुर्च्यांना नवी कव्हरं घालायचं काम तिला मिळालं होतं. ती शेवटच्या रांगेत जमिनीवर बसून, तोंडात खिळे धरून ठोकत होती, आणि पुढे स्टेजवर विज्ञानकथांच्या वेड्यांचा मेळावा भरला होता. कोणी यंत्रमानव, कोणी परग्रहावरचं जनावर. त्यात एकजण आला तो नखशिखांत चिलखतात. दरवाजाएवढा रुंद. हेल्मेटच्या फटीतून निळा उजेड. तो मधल्या वाटेने चालत गेला तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांनी पाय आत घेतले. कोणी हसलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर ती चपला काढायलाच विसरली.

"धाकटे, चिलखतात आडवं असलं ना, की लोक हसत नाहीत गं."

"मग काय करतात?"

"बाजूला होतात."

आणि तिने ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी त्या स्टेजवर आपण चालायचं. स्वतः. आपल्या अंगावर बेतलेल्या चिलखतात, दिव्यांच्या झोतात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बक्षीस मिळो न मिळो. आयुष्यात एकदा आपल्या आकाराला शोभेल असं काहीतरी अंगावर घालून लोकांसमोर जायचं होतं, एवढंच.

"मी आहे तुझ्याबरोबर," धाकटी म्हणाली आणि गळ्यात पडली. मेळाव्याला नाव कळवलं ते असं: चालणार ताई, मदतनीस धाकटी. दिवेवाल्याने हेल्मेटच्या वायरिंगची जबाबदारी घेतली. "पण वेष कसला?" त्याने विचारलं. ताईने आधीच ठरवलं होतं. दूर कुठल्यातरी लघुग्रहावर एक खाण आहे, आणि त्या खाणीच्या दारावरची ही पहारेकरी.

"म्हणजे वॉचमन," दिवेवाला म्हणाला.

"अंतराळातली!"

"हां, म्हणजे रात्रपाळीची."

आता बाबांची एक शिस्त होती. सीट कधी इंचपट्टीने मोजायची नाही. गाडीचा सांगाडा समोर घ्यायचा, फोम त्याच्यावर ठेवायचा, तळव्याने दाबायचा आणि जागेवरच कापायचा. इंचपट्टी धरणारा हात चुकतो, सांगाडा चुकत नाही. ताईच्या दुकानात इंचपट्टी होती, पण ती दाराला बांधायला वापरत. तेव्हा चिलखतासाठी आधी ताईचाच सांगाडा हवा होता.

ती जुना टी-शर्ट घालून दुकानाच्या मधोमध हात पसरून उभी राहिली आणि धाकटी चिकटपट्टीची रिळं घेऊन तिच्याभोवती फिरू लागली. कमरेपासून गळ्यापर्यंत, पट्टीवर पट्टी.

"पोट आत घे."

"नाही घेणार. आहे तेवढं येऊ दे."

"ताई, हसू नकोस, पट्टी सुरकुततेय."

"मग तू बोलू नकोस."

दिवेवाला दारात येऊन उभा राहिला. "पार्सल कुठे पाठवायचंय?"

"तुमच्या घरी. उतरवायला चार माणसं ठेवा."

मग धाकटीने पाठीवरून सरळ रेषेत कापलं आणि ते टरफल अलगद सोलून काढलं. ताईने त्यात फोमचे तुकडे, चिंध्या ठासून भरल्या, पाठीची चीर नव्या पट्टीने बंद केली आणि ते धड एका लोखंडी नळीवर उभं केलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. नवी गाडी दुकानात आली की बघायची तसंच.

"बरं," ती म्हणाली, "एवढी आहे मी."

त्यानंतर लगेच तिला बाहेरगावी बसच्या सीट बसवायला जावं लागलं. दुकानाची किल्ली धाकटीकडे. परत आली तेव्हा धड जागेवरच होतं, पण तिला ते जरा वेगळं वाटलं. आटोपशीर. कमरेशी छान वळण.

"टेप सुकली की थोडी आक्रसते," धाकटी म्हणाली.

ताईने विचारलं नव्हतं. पण तिने मान डोलावली, कारण खरं सांगायचं तर तिला आवडलं होतं. ती धडाभोवती फिरून आली, बाजूने पाहिलं, मागून पाहिलं. आरशात दिसतं ते वेगळं आणि असं समोर उभं राहून बघणं वेगळं. लोक म्हणतात तेवढी काही मी नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्या दिवशी शिवणयंत्रावर ती चक्क गुणगुणत होती.

पुढचे महिने दुकानात सीट कमी आणि चिलखत जास्त. ती फोमचे पत्रे धडावर धरायची, गरम हवेच्या बंदुकीने ऊन करायची, फोम मऊ पडला की तळव्यांनी दाबून वळवायची आणि गार होईपर्यंत तशीच मिठी मारून उभी राहायची. "मालकीणबाई स्वतःच्याच प्रेमात पडल्या," दिवेवाला ओरडायचा. छातीचं कवच झालं, पाठीचं झालं. दोन्ही कुशीला कायमची जोडली, पाठीच्या मधोमध उघडी फट ठेवली आणि तिथे दोन बकलं लावली, दप्तराला असतात तशी. कोपरं, मांड्या, नडग्या, ही पट्ट्यांनी सैल-घट्ट करता येतील अशी. वर रबरी थर, त्याच्यावर लोखंडी करडा रंग, आणि मग कडा घासून घासून जुनं दिसेल असं केलं, कारण खाणीतल्या पहारेकऱ्याचं चिलखत नवं कोरं कसं असेल?

हेल्मेट तयार झालं त्या दुपारी दिवेवाल्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. फटीच्या कडेने त्याने बारीक निळ्या दिव्यांची पट्टी फिरवली होती, मानेमागे बॅटरी, आणि आत काच धुरकटू नये म्हणून तळहाताएवढा पंखा. ताईने हेल्मेट घातलं. त्याने बटण दाबलं.

"आत काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"तुम्ही. निळे."

"आणि बाहेरून काय दिसतंय सांगू?"

"सांगा."

तो नेहमी चटकन बोलायचा. या वेळी मात्र थोडा थांबला. "मी समोरून येत असतो तर बाजूला झालो असतो," तो म्हणाला.

मग सगळं चिलखत अंगावर घालून बघायचा दिवस आला. धाकटी मागे उभी. छाती बसली, खांदे कसेबसे शिरले, आणि पाठीची दोन्ही टोकं एकमेकींना भेटेचनात. मध्ये वीतभर फट.

"श्वास सोड," धाकटी म्हणाली. "अजून सोड."

"मेले मी आता."

"ताई... रागावू नकोस हं." धाकटीचा आवाज अगदी मऊ झाला. "तू थोडी सुटलीस गं या दिवसांत. बाहेरगावी गेली होतीस, तिथलं खाणंपिणं..."

दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, फोम कमी पडला, वाढव. पण ताईच्या हिशेबात सांगाडा चुकत नाही. धड तिच्यासमोर उभं होतं आणि चिलखत त्याला सुईएवढीही चूक न करता बसत होतं. म्हणजे चूक तिच्या अंगाची. आणि जोड द्यायचा प्रश्नच नव्हता. जोड दिलेल्या सीटला बाबा भिकाऱ्याची गोधडी म्हणायचे.

तिने संध्याकाळचं जेवण सोडलं. सकाळी नुसता चहा. धाकटी समोर बसून जेवायची आणि म्हणायची, "थोडं तरी घे गं," आणि ताई पाण्याचा पेला उचलायची. एकदा शिवणयंत्रावर तिला गरगरलं आणि सुई सरळ बोटातून गेली. दिवेवाला कापूस घेऊन धावत आला.

"काय चाललंय? चेहरा बघा जरा."

"काही नाही. मापात येतेय."

मेळावा तोंडावर आला तेव्हा तिने पुन्हा घालून पाहिलं. तिचे गाल बसले होते, पण पाठीची फट जवळजवळ तेवढीच.  धाकटीने मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

ताईने चिलखत उतरवलं, टेबलावर ठेवलं. बराच वेळ कवचाची कड अंगठ्याने घासत बसली.

"एवढं केलंय ते पडून राहायला नको," ती शेवटी म्हणाली. "तू घालून बघतेस?"

"मी? छे! तुझं आहे ते."

"बघ तर."

धाकटीने घातलं. बकलं लागली, टक टक. जणू तिच्यासाठीच बनवलं होतं. खांद्याला आणि लांबीला किंचित ढगळ, बाकी जिथल्या तिथे. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू किती चांगली आहेस गं," ती म्हणाली, आणि ताईलाही वाटलं, खरंच, आपण आज काहीतरी मोठं केलं.

 मेळाव्याच्या आदल्या दुपारी ताई दुकान आवरायला घेत होती. धड आता कशाला हवं? आतला फोम चांगला होता, एका स्कूटरच्या सीटला उपयोगी पडला असता. तिने ते नळीवरून उतरवलं, आडवं टाकलं आणि कुशीत कटर घातलं.

कटर अडलं.

तिचा हात आयुष्यभर थर कापत आलेला. दोन पदर कापताना काय लागतं आणि सहा कापताना काय, ते तिला बघावं लागत नसे. तिथे दोनच पदर असायला हवे होते. तिने जोर दिला, चीर मोठी केली, चिंध्या उपसल्या आणि हात आत घातला. बोटांना घडी लागली. कमरेपासून काखेपर्यंत, उभी, जाड. तिने टरफल उलटं केलं. दुसऱ्या कुशीलाही तशीच. दोन्हीकडून टेप चिमटीत धरून आत दुमडलेली, वरून साफ पट्टी मारलेली. ब्लाउज आत घेतात तसं तिला आत घेतलं होतं.

तिने घड्या सोलून काढल्या. कर्रर्र आवाज करत टेप सुटली आणि धड उलगडत, रुंद होत गेलं. मुळातलं. तेवढी होती ती. पहिल्यापासून तेवढीच.

ती रस्ता ओलांडून समोर गेली. दिवेवाला हेल्मेटच्या पंख्याला डाग देत होता.

"दिवेवाले, हे हेल्मेट कोणासाठी करताय?"

"धाकटीसाठी ना. पट्टा आत घेतलाय तिच्या मापाला."

"कधी सांगितलं तिने?"

"ती... तुम्ही बाहेरगावी होता तेव्हा." त्याने डोकं वर केलं, तिचा चेहरा पाहिला आणि सोल्डरची कांडी खाली ठेवली. "म्हणाली, ताईला स्टेजची भीती वाटते, पण कबूल करायला लाजते. तुम्ही विषय काढू नका. मला वाटलं, तुमचं आपापसात ठरलंय."

"रोज समोर बसता. बोटातून सुई गेली तेव्हा कापूस घेऊन आलात. तेव्हासुद्धा तोंड नाही उघडलंत?"

 ताईने हेल्मेट उचललं आणि निघून आली.

धाकटी संध्याकाळी उजेड असतानाच आली, पर्स हलवत, "ताई, शोरूममधले सगळे येणार आहेत गं उद्या," म्हणत. आणि दारातच थबकली. चिलखत टेबलावर होतं. त्याच्या दोन्ही कुशी उभ्या कापलेल्या, आणि ताई त्यात काळ्या रेक्झिनच्या रुंद पट्ट्या शिवत होती. शेजारी ते उलटं टरफल.

"हे काय करतेयस?"

"जोड देतेय."

धाकटीने टरफलाकडे पाहिलं. पहिल्यांदा तिला हसू आलं, चोरी पकडली गेली की लहानपणी यायचं तसं. मग ते गेलं.

"तुझ्या भल्यासाठीच केलं. लोक हसले असते तुला. बाहेर हसतातच, स्टेजवर तर..."

"आत कोण आहे ते दिसतच नाही त्यात. म्हणून तर मला घालायचं होतं."

"आकार तर दिसतो ना! रंगवलेलं कपाट दिसलं असतं, ताई!"

शिवणयंत्र थांबलं. या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. बाहेर सगळीकडे, घरात कधीच नाही.

"सरळ मागायचं होतंस," ताई म्हणाली.

"दिलं असतंस?"

ताईने खरंच विचार केला. दप्तर दिलं होतं, स्वतःची खोली दिली होती, आईची बांगडी दिली होती. "नाही," ती म्हणाली. "हे एक नसतं दिलं."

"मग?" धाकटी म्हणाली, जणू मुद्दाच संपला. "मी शोरूममध्ये सगळ्यांना सांगून बसले होते. तुझं काय, तू परत बनवशील. तुला येतं. मला काय येतं?"

"मी जेवत नव्हते, धाकटे. तू समोर बसून जेवत होतीस."

 धाकटी पर्स खांद्याला लावून घरी गेली. ताईने दुसरी कूस शिवायला घेतली. टाके जाडे पडले, लांबून दिसतील असे. पडू दे, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या मागच्या खोलीत दाटीवाटी होती. शेपट्या, पंख, चंदेरी रंगाच्या बरण्या. दारावरचा माणूस म्हणाला, स्पर्धकाबरोबर एकच मदतनीस, कळवलेलं नाव असेल तोच. दिवेवाला बॅटरी जोडून देऊन मुकाट्याने बाहेर प्रेक्षकांत गेला. धाकटी आली होती. डोळे सुजलेले, ओठांना रंग लावलेला. शोरूमचे लोक पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना अजून काही माहीत नाही, हे तिच्या हातातला फोन सारखा थरथरून सांगत होता.

 धाकटीने ताईला नडग्या चढवल्या, मांड्या चढवल्या. ताईने कवचात हात घातले. काळ्या जोडांनी तिला सामावून घेतलं, पोटाशी, कुशीशी, कुठेही न टोचता. मग हेल्मेट, पट्टा पुन्हा मोकळा केलेलं. पंखा घरघरला आणि जग निळं झालं. त्या फटीतून फक्त समोरचं दिसायचं. खाली नाही, बाजूला नाही. आणि पाठीवरची दोन बकलं तर जगात कोणालाच स्वतःची स्वतःला लावता आली नसती.

"आवळ," ताई म्हणाली. आतून तिचा आवाज तिलाच घुमून ऐकू आला.

मागे काहीच झालं नाही. मग बोटं लागली. पट्टा ओढल्यासारखा वाटला. टक झालं का? पंख्याच्या आवाजात काही कळेना.

"लावलंस?"

"हो."

"दोन्ही?"

"हो म्हटलं ना."

पडदा बाजूला करणाऱ्याने हाताने खूण केली. ताई निघाली. स्टेजवर पाय ठेवला आणि झोत अंगावर आला. समोर काळोख, त्यात शेकडो चेहऱ्यांचे पांढरे ठिपके, आणि एकाएकी सगळं शांत झालं. मग टाळ्या आल्या. कोणीतरी शिटी मारली. ती चालू लागली, जड, सावकाश, खाणीच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखी, आणि तिला हवं होतं ते सगळं अगदी हवं होतं तसंच घडत होतं.

फक्त तिचा डावा हात मागे गेला होता. कवचाची खालची कड तिने मुठीत घट्ट धरली होती. आत्ता सुटलं तर? इथे, मधोमध, सगळ्यांसमोर पाठ उघडी पडली तर? हात काढ, ती स्वतःला सांगत होती, ती लावलंय म्हणाली. हात निघेना. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने टाळ्या ऐकल्या नाहीत. मागे काही सैल होतंय का, तेवढंच ऐकत होती.

पलीकडच्या बाजूला दिवेवाला धावत आला होता. "फोटो काय आलेत! तो एक हात मागे, काय रुबाब! कोणी शिकवलं?"

"काढा हे," ती म्हणाली. "पाठीमागचं आधी."

तो मागे गेला. बकलं लगेच उघडेनात. त्याला दोन्ही हात लावावे लागले, नख दुमडलं तेव्हा तो हळूच ओरडला. "केवढं आवळलंय! दोन्ही पक्की होती, मालकीणबाई. घण घातला असता तरी सुटली नसती."

ताईने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते. स्टेजच्या पलीकडे, दुसऱ्या विंगेत, धाकटी उभी होती, फोन छातीशी धरून, इकडेच बघत.

"हो का," ताई म्हणाली. "मला कुठे माहीत होतं."

डाव्या हाताची मूठ अजून वळलेलीच होती. उजव्या हाताने तिने एकेक बोट सोडवलं.